लाल ठिपक्याचा प्लग

माझ्या भावाची मोटारसायकल पासलीहून वेल्ह्याला जाताना एकाच वळणावर बंद पडायची. वेल्ह्याहून परत येताना मात्र कधीच नाही. माझा भाऊ मेला तोही त्याच वळणावर, त्यामुळे गावाला यात वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. जाताना अडवतो, येताना सोडतो. गाडी आता बायको चालवते, तिनं घर सोडून लांब जाऊ नये असं त्याला वाटतं. पाणवठ्यावर, एसटीच्या थांब्यावर हेच बोलणं. वळणावरच्या कठड्याखाली कुणीतरी लिंबं ठेवायला लागलं, मग एका दगडाला शेंदूर लागला.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. नसरापूरला आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि काउंटरवर मी बसते. दुकान नवऱ्याचं आणि जीभ बायकोची, असं गिऱ्हाइकं मागं बोलतात. ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. बंद पडलेल्या गाडीला कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा आमच्या दुकानातल्या कुठल्यातरी खोक्यात मिळतं, असं माझं मत. तरीही माहेरी जाताना ते वळण जवळ आलं की मी एसटीच्या खिडकीतून तिकडं बघायची नाही. शेजारच्या बाईशी उगाच काहीतरी बोलत राहायची.

गाडी दादानं स्वतः बनवलेली होती. म्हणजे जुनी टू-स्ट्रोक त्यानं भंगाराच्या भावात आणली, पण आतलं इंजिन त्यानं असं काही बदललं की मूळ कंपनीनंही ओळखलं नसतं. पोर्ट, म्हणजे पेट्रोल आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या वाटा, कानशीनं घासून मोठे केले. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, भोरच्या लेथवर नेऊन घासून उतरवून आणलं, म्हणजे आत पेट्रोल जास्त दाबलं जावं. सायलेन्सर कापून पत्र्याचा नवा फुगीर सायलेन्सर स्वतः वेल्डिंग करून बसवला. सारोळ्याकडच्या माळावर चिखलातल्या शर्यती व्हायच्या, तिथं तो ती पळवायचा. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ते अजिबात आवडायचं नाही. भाताची खाचरं सोडून माणूस चिखलात गाडी कशाला घालतो, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा इंजिनाला प्लग कुठला लावायचा, हा दादाचा जिव्हाळ्याचा विषय होता. लोकांना वाटतं, प्लग म्हणजे ठिणगी पाडणारी वस्तू, आटे बसले की झालं. दादा म्हणायचा, ठिणगी कुठलाही प्लग पाडतो, प्रश्न उष्णतेचा आहे. प्लगच्या टोकाला आत पांढरी चिनीमाती असते. ती लांब असेल तर उष्णता धरून ठेवते, तो गरम प्लग. आखूड असेल तर उष्णता पटकन हेडमध्ये सोडून देते, तो थंड प्लग. शर्यतीच्या इंजिनात आग मोठी, तिथं गरम प्लग लावला तर टोक लालबुंद होतं, ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून तिथं थंड प्लग. पण तोच थंड प्लग लावून सावकाश चाललात तर टोक पुरेसं तापत नाही, पेट्रोलात मिसळलेलं ऑईल जळत नाही, काजळी धरते आणि गाडी मान टाकते. वहिनीला त्यानं हे चुलीपाशी बसून समजावलं होतं. तवा कमी तापला तर भाकरी चिकटते, जास्त तापला तर करपते. तवा तोच, पण जाळ कसा आहे ते बघून ठरवायचं. वहिनी म्हणाली होती, मग एवढं प्लगचं पुराण कशाला, नुसती भाकरीच सांगायची की. 

दुकानात मला याचा रोज अनुभव येतो. एका कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड, दुसऱ्या कंपनीत आकडा वाढला की गरम. गिऱ्हाईक एकाचा आकडा पाठ करून येतं आणि दुसऱ्याचा प्लग मागतं. मी नाही म्हटलं की भांडतं. बसतोय ना, मग चालतोय, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही.

तर दादाकडं दोन प्लग असायचे. एक शर्यतीचा, थंड. दुसरा घरचा, त्याहून दोन पायऱ्या गरम. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून थंड प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर त्यानं वहिनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. वहिनी मागं बसायची असली की तो अंगणात गाडी उभी करून लाल ठिपक्याचा प्लग काढायचा आणि घरचा लावायचा. कारण वहिनी मागं असली की गाडी सावकाश चालवावी लागायची. "थांबा, मालकीणबाई निघाल्यात, आदी गाडीला शिस्त लावू द्या," असं म्हणायचा, आणि वहिनी पदरात तोंड लपवून हसायची. आबा ओटीवरून खाकरायचे. हे सगळं इतकं ठरून गेलं होतं की अंगणात पाना वाजला की वहिनी कुठंतरी निघाली आहे, हे शेजारणींना कळायचं.

त्या दिवशी मात्र त्यानं प्लग बदलला नाही. सकाळी पठारावर गाडी पळवून आला, तोवर बाजाराला उशीर झालेला. वेल्ह्याचा आठवडी बाजार, आणि वहिनीला अंडी विकायची होती. बादलीत भाताचा कोंडा आणि कोंड्यात पुरलेली गावठी कोंबडीची अंडी. ती बादली मांडीवर धरून ती मागं बसली आणि म्हणाली, हळू घ्या, अंडी हायत. त्यानं गाडी हळू घेतली. वळणावर गाडी बंद पडली. धुकं होतं. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून तो प्लग पुसत होता आणि वहिनी दोन पावलं बाजूला बादली घेऊन उभी होती. वरून एक पिकअप आला.

हे मला वहिनीनं एकदाच सांगितलं, आणि तेही एवढंच. पुढचं तिनं तेव्हा सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

बादली घरी आली तेव्हा त्यातलं एकही अंडं फुटलेलं नव्हतं. राख सावडून आम्ही परत आलो, तर वहिनी परड्यात खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ती अंडी एकेक करून ठेवत होती. आलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मीही बघितलं. मला तिचा त्या वेळी राग आला होता, हे खरं. भाऊ माझा गेला आणि ही अंडी मांडत बसलीय, असं मनात आलं.

पावसाळा सरला आणि वाडीवर दूध न्यायला येणारा टेम्पो बंद झाला. वर यायला परवडत नाही म्हणाला. घरोघरी दूध, आणि खाली संकलन केंद्रापर्यंत न्यायला कुणी नाही. तेव्हा वहिनीनं दादाची गाडी पडवीतून बाहेर काढली. चालवायला तिला दादानंच शिकवलं होतं, गवताच्या माळावर, लोक हसतील म्हणून तिन्हीसांजेला. तिनं कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या लटकवल्या, साडीवर दादाचं जर्किन चढवलं आणि निघाली. चिखलात उड्या मारणारी गाडी दुधाच्या किटल्या घेऊन खाली उतरायला लागली. वाडीवरच्या बायांनी तिच्याकडं दूध द्यायला सुरुवात केली आणि वहिनीला घरात पहिल्यांदा स्वतःचा असा शब्द आला. आबाही तिला विचारून गोष्टी करायला लागले.

पण गाडी वळणावर बंद पडायची. रोज नाही, पण बहुतेक दिवस. वहिनी उतरायची, प्लग काढायची, पुसायची, लावायची, जायची. सुरुवातीला चटकन निघायची, पुढं पुढं तिला वेळ लागायला लागला. गुरं राखणाऱ्यांनी तिला तिथं कठड्यावर नुसतं बसलेलं बघितलं. किटल्या उन्हात आणि ती बसलेली. दूध केंद्रावर पोचायला उशीर व्हायला लागला, मग एकदोनदा फाटलं म्हणून परत आलं. बाया कुरकुर करायला लागल्या. त्यांचंही चूक नव्हतं, म्हशीचं दूध काही ओढ्यात ओतायला काढत नाहीत.

मग आबांनी मला फोन केला. आबा फोनवर फार बोलत नाहीत, मोबाईल हातात विंचू धरल्यासारखा लांब धरतात. म्हणाले, त्यो काहीतरी मागतोय. येत्या अवसेला वळणावर कोंबडं देतो, तांबडा कोंबडा धरून ठेवलाय. ती न्हाई म्हणत्येय. कोंबडं न्हाई तर गाडी भंगारात घालतो. तू येऊन तिला सांग.

तांबडा कोंबडा त्या अंड्यांतलाच होता. आबांच्या ते ध्यानात नव्हतं, की असूनही त्यांना त्यात काही वाटत नव्हतं, मला माहीत नाही.

गाडी का थांबते, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पासलीकडून येताना रस्ता लांबवर उताराचा आहे. उतारावर थ्रॉटल बंद, गाडी आपल्या वजनानं खाली येते, इंजिन थंड पडतं आणि ऑईल जळायच्याऐवजी प्लगवर साठत जातं. बरोबर त्या वळणापाशी उतार संपतो आणि छोटा चढ लागतो. तिथं थ्रॉटल पिळला की काजळीनं भरलेला प्लग दगा देतो. परत येताना सगळा चढ, इंजिन तापलेलं, काजळी जळून जाते, म्हणून तेव्हा गाडी थांबत नाही. गाडीत शर्यतीचा प्लग होता, एवढीच भुताची गोष्ट.

एवढं सोपं असून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. कारण हे सांगितलं की वहिनीला दुसरंही कळलं असतं. त्या दिवशी दादा तिथं का थांबला, तेही तेच कारण. ती हळू घ्या म्हणाली, त्यानं हळू घेतली, प्लगला काजळी धरली, गाडी थांबली. भूत होतं तोवर तिच्यावर काही येत नव्हतं. प्लग खरा ठरला तर तिचे ते दोन शब्द खरे ठरणार होते, आणि ते घेऊन ती त्या वळणावरून रोज कशी गेली असती? भुतावर विश्वास नसलेली मी, पण भूत तिच्यापाशी राहू दे, असं मला वाटत होतं. आता मात्र गाडीच जायची वेळ आली होती, आणि गाडीबरोबर तिचा घरातला शब्दही.

म्हणून मी ठरवलं, की न सांगता प्लग बदलायचा. तो निवडतानाही मी काउंटरवर बराच विचार केला. हेड अजून उतरवलेलंच होतं, दाब तोच होता. परत येताना चढावर इंजिन जोरात ओढणार. नुसती दूधगाडी समजून एकदम गरम प्लग लावला असता, तर उतारावर ती सुरळीत चालली असती आणि एखाद्या दिवशी चढावर पिस्टन वितळला असता. दादाचाच हिशोब बरोबर होता, शर्यतीच्या प्लगहून दोन पायऱ्या गरम. तेवढाच घेतला, पिशवीत घातला आणि माहेरी गेले.

वहिनी गोठ्यात धार काढत होती तेव्हा मी पडवीत गाडीपाशी बसले. दादाचा हत्यारांचा पत्र्याचा डबा तिथंच होता. घरचा प्लग त्यात शोधला, तो नव्हता. शर्यतीचा काढला, काळाभोर, ओला, लाल ठिपका तेवढा शाबूत. तो डब्यात टाकला आणि नवा प्लग आधी हातानं आट्यात बसवून मग पान्यानं आवळला. जेवताना वहिनीशी इकडचं तिकडचं बोलले. तिनं मला खोबऱ्याची चटणी जास्त वाढली. माझा चोरटेपणा माझ्या तोंडावर दिसतोय की काय, असं वाटत होतं.

सकाळी मी म्हटलं, आज दूध मी नेते, तुमी जरा पाठ टेका. वहिनी नको म्हणाली. उताराची सवय न्हाई तुमाला, म्हणाली. किटल्या डुलतात, म्हणाली. माझी एवढी काळजी तिनं कधी केली नव्हती, म्हणून मला बरं वाटलं आणि मी हट्टानं किक मारली. निघताना मागं बघितलं तर ती अंगणाच्या कडेला उभी होती, हात जर्किनच्या खिशात घालून.

उतारावर धुकं होतं. भाताच्या खाचरांतून वर येणारं, पायांशी घोटाळणारं. मी निवांत होते, कारण गाडीत काय आहे ते मला माहीत होतं. वळण आलं. उतार संपला, मी थ्रॉटल पिळला, गाडीनं दोन गचके दिले आणि ती बंद पडली.

इतकं शांत झालं की किटलीतलं दूध हिंदकळल्याचा आवाज आला. 

मी किक मारली. परत मारली. नवा प्लग असा बंद पडूच शकत नव्हता. पाना काढला, ओढणीच्या टोकात धरून प्लग सोडवला आणि उजेडाकडं धरला. काळा, ओला आणि पांढऱ्या भागावर लाल ठिपका.

काल मी लावला तो प्लग हा नव्हता. हा मी माझ्या हातानं डब्यात टाकला होता. ज्या जागी तो उकिडवा बसला होता, त्याच जागी मी उकिडवी बसले होते, तोच प्लग हातात धरून, आणि मागं वरच्या अंगाला रस्ता धुक्यात दिसत नव्हता. मी दादा म्हणून हाक मारली. मोठ्यानं. दुकानात लोकांना शहाणपण शिकवणारी मी, त्या वळणावर मेलेल्या भावाला हाक मारली आणि उत्तराची वाट बघत थांबले.

लांबून एक गाडी येत असल्याचा आवाज आला, तेव्हा मी धडपडत उठून कठड्याला चिकटले. ती निघून गेल्यावर भीती हळूहळू उतरली आणि तिच्या जागी दुसरं काही यायला लागलं. वहिनीचं सकाळचं नको नको म्हणणं. खिशातले हात. डब्यात नसलेला घरचा प्लग. मी प्लग पुसला, गाडी चालू केली, दूध कसंबसं पोचवलं आणि परतीचा सगळा चढ रागानं चढले.

वहिनी परड्यात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तांबडा कोंबडा डालग्याखाली झाकलेला होता, आबांनी अवसेसाठी ठेवलेला. मी लाल ठिपक्याचा प्लग तिच्यापुढं धरला. जर्किनच्या खिशातून तिनं फडक्याची एक पुरचुंडी काढली आणि सोडली. त्यात मी काल लावलेला नवा प्लग होता, आणि त्याच्याशेजारी दादाचा घरचा प्लग.

"तुमचा बी हितंच हाय," ती म्हणाली. "डब्यात लाल ठिपका दिसला, पहाटं काढला."

मी विचारलं, का. मला वाटत होतं त्याहून माझा आवाज चढला.

"हळू घ्या म्या म्हनले, म्हणून काजळी धरली. मला ठावं हाय, वन्सं. पयल्या दिसापासनं ठावं हाय. त्येंनीच शिकिवलंय की मला." दाण्यांचं सूप तिनं खाली ठेवलं. "तुमी मला सांगायला भीत व्हता, त्ये बी ठावं हाय."

मी जिला जपत होते, तीच मला जपत होती. मग मी म्हटलं, की रोज दूध नासतंय, आबा गाडी विकायला निघालेत, आणि तुम्ही मुद्दाम तोच प्लग लावून तिथं थांबता. कशासाठी?

तिनं पुरचुंडी पुन्हा बांधली.

"प्लग पुसता पुसता त्येंनी इचारलं, अंडी धड हायत का. म्या वाकले, कोंडा बाजूला केला, बगाया लागले. सगळी धड व्हती. सांगाया मान वर केली..." तिनं सूप उचललं. "सांगायचं ऱ्हायलं."

डालग्याखाली कोंबडा पंख फडफडवत होता.

"माझी मी थांबाया गेले तर पाय उचलत न्हाई. गाडीच बंद पडली की उतरावं लागतंय. मग वाटतं, आज सांगीन. रोज बसते, पर त्वांडातनं शबुद फुटत न्हाई."

मी रडले. ती रडली नाही. खरं सांगायचं तर रडताना मला तिचा हेवाही वाटला. तिच्यापाशी त्याचा एक प्रश्न तरी शिल्लक होता. माझ्यापाशी दादाचं शेवटचं बोलणं म्हणजे फोनवर मागितलेला एक क्लच वायरचा तुकडा होता.

संध्याकाळी तिनं घरचा प्लग माझ्या हातात ठेवला. "तुमीच लावा," म्हणाली. "माझ्या हातानं लागायचा न्हाई." मी पडवीत गाडीपाशी बसले, लाल ठिपक्याचा काढला, घरचा लावला. पाना आवळताना वाजला, तसे ओटीवर बसलेले आबा खाकरले. सवयीनं. मग आम्हा तिघांनाही ते कळलं आणि आबा उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दोघी निघालो. खाली जाताना मी चालवत होते, वहिनी मागं, दोन्ही बाजूंना किटल्या. उतार संपत आला तसा तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होत गेला. वळण आलं. शपथेवर सांगते, त्या क्षणी गाडी बंद पडावी असं मला वाटलं. कान देऊन मी इंजिन ऐकत होते, कुठं एखादा गचका येतोय का. थ्रॉटलवरचा माझा हात आपोआप सैल पडला होता. पण इंजिन एकसारखं चालत राहिलं, चढ लागला, गाडीनं तो ओढला आणि शेंदूर लावलेला दगड मागं गेला.

दादाला आम्ही अग्नी दिला होता, राख सावडली होती, वर्षश्राद्धही घातलं होतं. पण तो गेला असं मला त्या चढावर पहिल्यांदा वाटलं. आणि त्याला मी घालवलं, माझ्या हातानं प्लग आवळून, असंही वाटलं. मला रस्ता धड दिसत नव्हता, म्हणून मी गाडी आणखी सावकाश घेतली, आणि तरी ती बंद पडली नाही.

केंद्रावरच्या माणसानं झाकण उघडून वास घेतला आणि दूध मापाला घेतलं. मी तिथंच प्लग काढून बघितला. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस रंग. हा रंग आला म्हणजे प्लग इंजिनाला बरोबर बसला, असं दादा म्हणायचा. मी तो वहिनीला दाखवला. तिनं बघितला, मान हलवली आणि म्हणाली, येताना मी चालवते.

येताना सगळा चढ, इंजिन तापलेलं. त्या बाजूनं गाडी वळणावर कधीच थांबली नव्हती, आणि आज तर थांबायचं काही कारणच नव्हतं. धुकं विरलं होतं. वळणावर आल्यावर वहिनीनं गाडी कठड्याला लागून घेतली आणि स्वतःच्या हातानं चावी फिरवली. इंजिन बंद झालं. ती उतरली, पदर सारखा केला आणि जिथं तो उकिडवा बसला होता त्या जागेसमोर जाऊन उभी राहिली. मी गाडीपाशीच थांबले.

"धड हायत," ती म्हणाली. "येक बी फुटलं न्हाई."

मला वाटलं, झालं. पण ती अजून उभी होती, आणि मग नवऱ्याशी घरातल्या गोष्टी बोलाव्यात तशा साध्या आवाजात तिनं पुढचंही सांगितलं.

"तांबडा कोंबडा झालाय त्यातला. आबा तुमच्यासाठी मागत व्हते. म्या दिला न्हाई."